मीटर न लावणाऱ्या दादांना खुलं पत्र

दादा,

माझ्या भाचीनं तुम्हाला पहिल्या फोनपासून दादा म्हटलं, म्हणून मीही तेच म्हणते. नाव लिहीत नाही. पत्र वाचलंत की ते तुम्हालाच आहे हे तुम्हाला कळेल, आणि तुमच्यासारखं काम करणाऱ्या आणखी दोघा-चौघांनाही ते आपल्यालाच आलंय असं वाटेल. वाटू दे.

जानेवारीतली ती सकाळ आठवा. न्यू ब्रन्सविकमधल्या अपार्टमेंटमागचं पार्किंग, तापमान उणे नऊ, टपावर बर्फ घेऊन उभी असलेली २००८ ची टोयोटा प्रियस. तुम्ही आलात ते हात जॅकेटच्या खिशात घालून. काचेतून डॅशबोर्डवरचा लाल त्रिकोण बघितलात. बॉनेट उघडलं नाहीत, डिकीकडे गेला नाहीत, कुठं पाना लावला नाहीत की मीटरची पिन टेकवली नाहीत. आणि म्हणालात, "हायब्रिड बॅटरी गेली. या गाड्यांचं हेच होतं." नवी टाकायची तर २,८०० डॉलर, नाहीतर गाडी आहे तशी ४०० डॉलरला तुम्हीच उचलून न्याल. वर तपासणीचे ८० डॉलर घेतलेत. तपासणीचे! खिशातून हात एकदाच बाहेर आला, तो पैसे घ्यायला. भाची सांगते, या सगळ्याला सात मिनिटं लागली. सात मिनिटांत एवढा मोठा आकडा सांगणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

तिनं मला फोन केला तेव्हा ती रडत होती. पोरगी इथं एम.एस. करतेय, आठवड्याला वीस तास कॅम्पसवर काम करते आणि घरभाडं तिघींत वाटून देते. २,८०० डॉलर म्हणजे तिच्यासाठी काय, हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको. तुम्हीही विद्यार्थी म्हणूनच इथं आला होतात, असं तुम्हीच तिला सांगितलंत. मंडळाच्या गणपतीत तिची तुमची ओळख झाली. गाडी बंद पडल्यावर तिनं पाच गॅरेजं शोधली नाहीत. "मावशी, आपला माणूस आहे, मराठीत बोलता येईल," एवढ्याच भरवशावर तिनं तुम्हाला फोन लावला. माझा राग तिथून सुरू होतो.

आता गाडीकडे येऊ. तुम्ही आला नाहीत, मी येते.

माझे बाबा एसटीत इलेक्ट्रिशियन होते, दापोडीच्या कार्यशाळेत. घरात त्यांचा टेस्ट लॅम्प असायचा, पितळी टोकाचा, वायरला काळी टेप गुंडाळलेला. गाडी सुरू होत नाही असं कुणी म्हटलं की बाबा इंजिनाकडे बघायचे नाहीत. आधी विचारायचे, "सेल मारल्यावर आवाज कसला येतो? दिवे मंद होतात का?" घर्र घर्र करून दम तोडणारा आवाज आला तर बॅटरी उतरलेली, नुसतं टक् झालं तर टर्मिनल किंवा स्टार्टर, आणि इंजिन मजेत फिरतंय पण पकडत नाही, तर मग डिझेल बघा. आवाजावरून अर्धं निदान व्हायचं. ते कान आपल्या सगळ्यांकडे होते. वाहनांचा धंदा नसलेल्या माणसाकडेही होते.

हायब्रिड गाडीनं तो आवाजच काढून घेतला. तिच्यात आपल्या ओळखीचा स्टार्टर नाही आणि अल्टरनेटरही नाही. बटण दाबायचं, काही वाजत नाही, पडद्यावर ‘रेडी’ अशी अक्षरं येतात, झालं. ती आली नाहीत तर कानाला धरायला काहीच उरत नाही. माणूस बावरतो, आणि बावरलेल्या माणसाला पहिला आत्मविश्वासानं बोलणारा खरा वाटतो. त्या दिवशी आत्मविश्वासानं बोलणारे तुम्ही होतात.

या गाडीत बॅटऱ्या दोन असतात, हे तुम्हाला ठाऊक असणार. नसेल तर हायब्रिडची कामं घेऊ नका. एक मोठी, मागच्या सीटच्या पाठीमागे पत्र्याच्या पेटीत: निकेल-मेटल हायड्राइडचे २८ मॉड्यूल, प्रत्येकात ६ सेल, सगळे मिळून २०१.६ व्होल्ट. दुसरी छोटी, साधी शिशाची, बारा व्होल्टची, डिकीच्या उजव्या कोपऱ्यात खाली झाकणाखाली दडवलेली. लोकांना वाटतं मोठी ती महत्त्वाची. पण मोठी बॅटरी पेटीत एकटी बंद असते. तिच्या आणि गाडीच्या मध्ये रिले असतात, आणि ते रिले मिटवायचे तर बारा व्होल्ट लागतात. गाडीतले सगळे कॉम्प्युटर, ब्रेकचा पंप, गिअर ‘पार्क’मधून सोडवणारी मोटर, दारांची कुलपं, सगळं त्या छोटीवर चालतं. छोटीनं आधी सगळ्यांना जागं करायचं, सगळ्यांनी आपापली तब्येत ठीक असल्याचं सांगायचं, मग रिले मिटायचे. त्यानंतर मोठीतून वीज येणार आणि तिच्यावर चालणारा मोटर-जनरेटर इंजिन फिरवणार. छोटी बसली की मोठी कितीही ठणठणीत असली तरी तिच्यापर्यंत कुणी पोचतच नाही.

म्हणून गाडी उठत नसेल तर पहिला प्रश्न छोटीला विचारायचा. जुन्या प्रियसबद्दल दुसरं काहीही माहीत नसलं तरी एवढं माहीत असलंच पाहिजे.

तुमच्यासमोर काय काय होतं, ते आता मांडते. भाचीनं काढलेला व्हिडिओ मी बारा वेळा तरी पाहिला असेल. बटण दाबल्यावर दिवे लागतात, पण मिणमिणते. मग लुकलुकतात. आतून टकटकटक असा रिलेंचा आवाज येतो आणि पडदा काळा होतो. मोठी बॅटरी गेलेल्या गाडीत असं होत नाही. त्या गाडीत दिवे लख्ख लागतात, त्रिकोण लख्ख लागतो, पडदा नीट उघडतो आणि वर इशारा लिहून येतो. कित्येक वेळा गाडी ‘रेडी’ही होते आणि रखडत का होईना चालते. मिणमिणता दिवा म्हणजे दिव्यालाच वीज कमी पडतेय. आणि दिव्याला वीज छोटी देते. माझ्या बाबांना हे सांगायला हायब्रिड गाडी बघावीसुद्धा लागली नसती.

मग डिकी. डिकी उघडत नव्हती. दादा, या गाडीच्या डिकीला ओढायचं हँडल नाही, बटण आहे. बटण दाबलं की बारा व्होल्टवर कुलूप सुटतं. डिकी उघडत नाही हे तिनं तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. मी तिला तीनदा विचारून खात्री केली. निदान त्या वाक्यावरच व्हायला हवं होतं.

आणि तिसरी गोष्ट, जी तिनं सगळ्यात आधी सांगितली होती: "दादा, मी तीन आठवडे पुण्याला गेले होते, गाडी उभीच होती." मी इथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं रक्त तपासते. पेशंट काय म्हणतोय ते ऐकून न घेता निकाल लिहिणारा माणूस आमच्याकडे आठवडाभर टिकणार नाही. उभी गाडीही थोडी थोडी वीज पीत असते: घड्याळ, चोरघंटा, किल्ली जवळ आली का हे सतत चाचपणारी यंत्रणा. नंतर मी हा खप मोजला, २५ मिलिअँपिअर आला. हा दोष नव्हे, या गाडीला इतका चालतो. पण दिवसाला ०.६ अँपिअर-अवर म्हणजे २२ दिवसांत १३ च्या वर. नवी असताना ही बॅटरी ४५ च्या आसपास भरते. जुनी होऊन निम्मी-पाव उरलेली असेल आणि वर कडाक्याची थंडी असेल, तर तेवढ्यानं ती बसणारच. त्यातून ही छोटी फक्त गाडी ‘रेडी’ असतानाच भरते, मोठीतून कन्व्हर्टरमार्फत. गाडी उभी ती उभी, तेव्हा मोठीत कितीही वीज असो, छोटीला थेंब मिळत नाही.

हे सगळं तुमच्याकडून चुकलं असतं आणि तुम्ही नुसतं "मला कळत नाही" म्हटलं असतंत, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. न कळणं गुन्हा नाही. मी पत्र लिहितेय ते आदल्या रात्रीच्या तुमच्या फोनसाठी.

"डिकीत डाव्या बाजूला नारंगी हँडल आहे, ते काढ आणि परत लाव. गाडी रिसेट होईल." हे तुम्ही तिला सांगितलंत. तिच्या वर्गातला एक मुलगा मदतीला आला. डिकी उघडत नव्हती म्हणून तो मागच्या सीटवरून रांगत आत गेला, मोबाइलच्या उजेडात जमिनीवरचं झाकण उचललं आणि उघड्या हातानं ते हँडल उपटलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. तो उच्च दाबाचा सर्व्हिस प्लग आहे, दादा. त्याच्या पलीकडे दोनशे व्होल्टची डीसी वीज आहे. या गाडीत जे नारंगी आहे त्याला हात लावायचा नाही, हा त्या रंगाचा अर्थ आहे. गाडी बंद करायची, किल्ली लांब ठेवायची, बारा व्होल्टची तार सोडायची, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे, मगच तो प्लग काढायचा. तो काढल्यावरही इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे होईपर्यंत निदान पाच मिनिटं कशाला शिवायचं नाही. शिकलेला मेकॅनिक हे सगळं करतो, न चुकता. तुम्ही ते फोनवरून एका पोराकडून करून घेतलंत, हातमोज्यांचा शब्दही न काढता. त्याला काही झालं नाही ते नशिबानं. तुमच्यामुळे नाही.

त्यानं प्लग परत बसवला, पण अर्धाच, आणि त्याचा परिणाम तिसऱ्या दिवशी आमच्यासमोर आला.

शनिवारी आम्ही दोघं एडिसनहून गेलो. माझा नवरा वीज कंपनीत देखभालीचं काम करतो, त्यामुळे त्याची हत्यारं आणि त्याचे हातमोजे बरोबर होते. रिमोट मेलेला होता. त्याच्या पोटातली धातूची किल्ली काढून ड्रायव्हरचं दार उघडलं. चालू प्रियसचं दार उघडलं की ब्रेकचा पंप गुंऽऽ करून उठतो, दोन-चार सेकंद. ही गाडी वापरणाऱ्यांना तो आवाज घरच्या फ्रिजसारखा ओळखीचा असतो. तो आला नाही. बॉनेटचा खटका तारेनं चालतो, त्याला वीज लागत नाही, म्हणून बॉनेट उघडलं. आत फ्यूजच्या डब्यात लाल प्लास्टिकची टोपी आहे, तिच्याखाली जंप देण्याचं टोक. मीटरची लाल पिन त्याला आणि काळी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली. भाचीला म्हटलं, आकडा तू वाच.

तिनं वाचला: ८.९.

धड बॅटरी निवांत असताना १२.६ च्या वर दाखवते. तुम्ही आलात तेव्हा दिवे तरी लुकलुकत होते, म्हणजे आकडा जरा वर असेल, दहाच्या आसपास. पण तोही मेलेल्याचाच आकडा. हे मोजायला आम्हाला किती वेळ लागला माहीत आहे? बॉनेट उघडण्यासकट तीन मिनिटं. तुमच्याकडे सात होती.

जंप पॅक लावला, छोटासा, मुठीत मावणारा. इंजिन मोठी बॅटरी फिरवते, त्यामुळे या गाडीला जंप द्यायला फार करंट लागतच नाही, कॉम्प्युटर जागे होण्यापुरता पुरतो. मात्र लाल-काळं उलटं लागता कामा नये, तेवढ्यानं कन्व्हर्टरचं हजारोंचं नुकसान होऊ शकतं. नवऱ्यानं दोनदा बघून लावला. पंप गुंऽऽ करून उठला. दिवे लख्ख. भाचीच्या तोंडावर हसू आलं. ब्रेक दाबून तिनं बटण दाबलं.

‘रेडी’ आलं नाही. लाल त्रिकोण तसाच.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात आलं की दादा बरोबर होते की काय. तुमच्या जागी असते तर तिथं थांबून तुम्ही "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणाला असतात. आम्ही स्कॅनर लावला. पंचवीस डॉलरचा आहे, फोनवर वाचता येतो. मोठी बॅटरी खराब असल्याचा कोड पी०ए८०, तो नव्हता. आला तो पी०ए०डी. उच्च दाबाचं इंटरलॉक उघडं, असा त्याचा अर्थ. म्हणजे नारंगी प्लगच्या साखळीत कुठंतरी कडी लागलेली नाही. मी भाचीला विचारलं, "मागं कुणी हात घातला होता का?" तेव्हा तिनं ती रात्रीची गोष्ट सांगितली. तोवर मला प्लगचं काहीच माहीत नव्हतं. ऐकून नवऱ्यानं आधी तिला गाडीपासून लांब उभं केलं.

आता डिकी बटणावर उघडली. गाडी बंद केली, जंप पॅक काढला, किल्ली भाचीच्या हातात देऊन तिला वर घरात पाठवलं, आणि थांबलो. मग नवऱ्यानं हातमोजे चढवून टॉर्च मारला. हँडल आत होतं, वळवलेलंही होतं, पण शेवटचं सरकवणं राहिलं होतं. ते हँडल तीन टप्प्यांत बसतं: आत घालायचं, वळवायचं आणि शेवटी खट् होईपर्यंत सरकवायचं. त्या शेवटच्या खटक्यात एक बारीक स्विच आहे. तो लागेपर्यंत गाडी उच्च दाबाची वीज सोडतच नाही, आणि सोडू नये म्हणूनच तो ठेवलाय. तुमच्यापेक्षा त्या स्विचला माणसांची काळजी जास्त.

त्यानं अंगठ्यानं सरकवलं. खट्. बोटाच्या पेराएवढं सरकलं असेल.

जंप पॅक परत लावला, ब्रेक, बटण, ‘रेडी’. थोड्या वेळानं इंजिनही सुरू झालं आणि थंडीत धूर ओकत चालू राहिलं. लाल टोपीखाली मीटर आता १३.९ दाखवत होता, म्हणजे कन्व्हर्टर छोटीला नीट भरत होता. छोटीच्या कोपऱ्यातलं झाकण काढलं तर निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरट राख चढलेली, आणि वरच्या स्टिकरवरचं साल आठ वर्षांपूर्वीचं.

म्हणजे दादा, गाडीत दोष दोन होते. एक म्हातारी छोटी बॅटरी आणि दुसरा तुम्ही करून ठेवलेला. शुक्रवारी तुम्ही आलात, आपणच लावलेल्या दुसऱ्या दोषाच्या शेजारी उभे राहिलात आणि तिसरंच नाव सांगितलंत.

वारांचा क्रम नीट सांगते. तुमचा फोन गुरुवारी रात्री, तुम्ही आलात शुक्रवारी सकाळी, आम्ही शनिवारी. मी हे लिहिताना अजूनही चिडलेली आहे.

मोठ्या बॅटरीवरचा तुमचा आरोप आम्ही तसाच सोडून दिला नाही. तोही मोजला. या गाडीत २८ मॉड्यूलचे दोन-दोनाचे १४ गट असतात आणि प्रत्येक गटाचा व्होल्टेज स्कॅनरवर वेगळा दिसतो. नवऱ्यानं गाडी चढावर घातली, मी शेजारी बसून आकडे बघत होते. जोर लावताना आणि ब्रेक मारताना सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गटात फरक पडला तो ०.३ व्होल्टचा. एखादा गट बाकीच्यांपेक्षा व्होल्ट-दीड व्होल्टनं कोसळत असता, पडद्यावरच्या चार्जच्या कांड्या भराभर चढत-उतरत असत्या, मागचा पंखा उगाच घोंघावत असता, तर मी तुमचा शब्द मानला असता. तसं काहीच नव्हतं. १,६८,००० मैल चाललेली बॅटरी, आणि अजून सरळ उभी आहे. पंख्याच्या जाळीत मात्र धुळीचा थर होता, मागच्या सीटशेजारी. तो काढला. तिथून हवा गेली नाही तर एक दिवस तुमचं म्हणणं खरंही होईल.

छोटीला सोमवारपर्यंत संधी दिली. रात्रभर मंद चार्जरवर ठेवली, काढून चार तासांनी मोजली, १२.१. दिवे लावून ठेवले तर पाच मिनिटांत ११ च्या खाली. मग नवी आणली, २३० डॉलरला. ही बॅटरी माणसं बसतात त्याच पोकळीत असते, म्हणून तिच्यातला वायू बाहेर सोडणारी बारीक नळी असते. ती नळी नव्या बॅटरीला जोडून, दहाच्या पान्यानं टर्मिनल आवळून भाचीनंच बसवली. मी फक्त टॉर्च धरला.

तुम्ही म्हणाल, बॅटरी सोडून दुसरंही कारण असू शकलं असतं. असू शकलं असतंच! ब्रेकच्या दिव्याचा स्विच गेला तर गाडीला पाय ब्रेकवर आहे हे कळत नाही आणि ती ‘रेडी’ होत नाही; मागचे लाल दिवे लागतात का ते बघायचं. मीटरचा पडदा काळा पडतो आणि गाडी आतून चालू असते, हेही या पिढीच्या गाड्यांत होतं. टाकीत पेट्रोल नसतं आणि गेज खोटं सांगतो. गाडी चालता चालता त्रिकोण लागून बसली असेल तर इन्व्हर्टरच्या पाण्याचा पंप बघायचा. त्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत पाणी खळखळतंय का ते डोळ्यांनी दिसतं. किल्लीचा सेल मेलेला असतो. यातलं प्रत्येक कारण बघायला, मोजायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. म्हणून तर माझं म्हणणं आहे की बघायचं असतं. तुम्ही जे सांगितलंत ते या सगळ्यांत महाग होतं आणि त्याच्यासाठी काही बघावं लागत नव्हतं.

४०० डॉलरला गाडी उचलण्यामागे तुमच्या मनात काय होतं, ते मी लिहीत नाही. मला ते ठाऊक नाही आणि न मोजलेलं मी बोलत नाही. पण ती शुक्रवारी रात्री कागदावर सही करायला तयार झाली होती, एवढं तुम्हाला कळलं पाहिजे. सोमवारी तुमचा ट्रक येणार होता. धडधाकट गाडी बारा व्होल्टच्या एका डब्यापायी तिच्या दारातून गेली असती. मग पहाटे सहाच्या शिफ्टला ती बर्फातून चालत गेली असती, आणि तिला आयुष्यभर वाटत राहिलं असतं की दादांनी आपली सोय केली.

इथं नव्यानं आलेल्या पोरांना ‘आपला माणूस’ या शब्दाचा केवढा आधार असतो. मी १९९८ मध्ये आले तेव्हा मलाही होता. माझ्या पहिल्या जुन्या गाडीचा ब्रेक एका ओळखीच्या मराठी माणसानं बदलून दिला होता. जुने पॅड माझ्या हातात ठेवून किती झिजलेत ते त्यानं नखानं दाखवलं होतं. त्यानं पैसे घेतले, चांगले घेतले, आणि मी अजून त्याचं नाव आदरानं घेते. तुम्हीही पैसे घ्या. मोजा, दाखवा आणि घ्या. कुणी नाही म्हणणार नाही.

आता माझं मागणं, दोनच गोष्टी.

ते ८० डॉलर तिला परत करा. मला नकोत, तिला. चेकनं द्या आणि चेकवर कशाबद्दल ते लिहा.

दुसरं त्याहून निकडीचं. ज्या मुलानं उघड्या हातानं तो प्लग उपटला, त्याला अजून वाटतं की नारंगी हँडल काढून लावणं हा गाडी रिसेट करायचा उपाय आहे. परवा आमच्याकडे जेवायला आला होता, तेव्हा तो दुसऱ्या एका मित्राला तेच समजावत होता. मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण म्हणाला, "काकू, गॅरेजवाल्या दादांनीच सांगितलं होतं ना." माझ्या शब्दापेक्षा त्याला तुमचा शब्द मोठा आहे. म्हणून फोन तुम्हालाच करावा लागेल. त्याचा नंबर भाचीकडे आहे. आज करा.

— तिची मावशी, एडिसन, न्यू जर्सी